निकिताची नाखुशी म्हणजे कुरकुर नव्हे

‘ला फेम निकिता’ या मालिकेचा विषय निघाला की एक मत हमखास ऐकू येते, आणि ते इतक्या वेळा सांगितले गेले आहे की मालिका न पाहिलेली माणसेही आता ते ठामपणे मांडू लागली आहेत. ते मत थोडक्यात असे: लूक बेसाँ यांच्या १९९० सालच्या चित्रपटातील निकिता ही खरी जळजळीत व्यक्तिरेखा होती, मालिकेने तिला निर्दोष ठरवून तिची धार घालवली, मग ही नाखुश हेर पाच पर्वे नुसती कुरकुरत राहिली, तिचे जे काही बरेवाईट झाले ते मायकेलमुळे झाले, आणि ज्या संस्थेला ती विरोध करत होती त्याच संस्थेच्या प्रमुखपदावर शेवटी ती जाऊन बसली, म्हणजे तिचा सगळा विरोध वाया गेला. मला हे मत जवळजवळ सर्वच बाबतींत चुकीचे वाटते. एकदोन ठिकाणी त्यात तथ्य आहे, आणि तेही पुढे मान्य करणार आहे.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी एवढे सांगणे पुरे. अमेरिकेतील यूएसए नेटवर्क या वाहिनीवर १३ जानेवारी १९९७ रोजी ती सुरू झाली आणि ४ मार्च २००१ रोजी संपली. पाच पर्वांत तिचे ९६ भाग झाले. चित्रीकरण कॅनडात टोरांटो येथे होत असे. निकिताची भूमिका पेटा विल्सन या ऑस्ट्रेलियन अभिनेत्रीने केली, तर तिला प्रशिक्षण देणाऱ्या मायकेलची भूमिका क्वेबेकच्या रॉय द्युप्वी यांनी. ‘सेक्शन वन’ नावाची दहशतवादविरोधी गुप्त संस्था तुरुंगात जन्मठेप भोगणाऱ्या एका तरुणीला उचलून आणते, जगाच्या दृष्टीने तिला मृत ठरवते आणि हेर म्हणून वापरते, हे कथेचे मूळ.

पहिला आक्षेप निर्दोषत्वाचा, आणि सर्वांत जास्त विचार याच आक्षेपाचा करायला हवा. चित्रपटातील निकिता व्यसनी असते, औषधांच्या दुकानावर घातलेल्या दरोड्यात ती सामील असते आणि समोर आलेल्या पोलिसाला ती अगदी जवळून गोळी घालते. त्यामुळे सरकारी यंत्रणा तिला हेर होण्याचा पर्याय देते तेव्हा त्यात देण्याघेण्याचा काही हिशेब तरी असतो: तू एक जीव घेतलास, आता तुझा जीव आमचा. हा हिशेब क्रूर असला तरी प्रेक्षकाला समजतो, आणि नकळत पटतोही. मालिकेने नेमका हाच आधार काढून घेतला. येथे निकिता पोलिसाच्या खुनासाठी शिक्षा भोगत आहे, पण खून तिने केलेला नाही. तिच्यावर कोणाचेही ऋण नाही. मग सेक्शन वनचा तिच्यावर हक्क कशाचा? केवळ बळाचा. चित्रपटात जे प्रायश्चित्तासारखे भासू शकत होते, ते मालिकेत उघड वेठबिगारीच्या रूपाने समोर येते. याला मवाळपणा म्हणणे मला समजत नाही, कारण यात कोणाला सवलत मिळाली असेल तर ती प्रेक्षकाला मुळीच मिळालेली नाही. संस्थेच्या बाजूने मनाला समजावण्याची त्याची सोय मात्र गेली आहे.

सुरुवातीच्या काळात प्रत्येक भागाच्या आरंभी निकिताच्या आवाजात जे निवेदन येत असे, त्याकडेही नीट लक्ष द्यावे. न केलेल्या भीषण गुन्ह्याचा आरोप आपल्यावर आला, जन्मठेप झाली, एका रात्री कोठडीतून आपल्याला सेक्शन वनमध्ये आणले गेले, असे ती सांगते. आणि पुढे म्हणते की त्यांचे हेतू न्याय्य आहेत, पण मार्ग निर्दय आहेत, आणि त्यांच्या नियमांप्रमाणे वागले नाही तर आपल्याला मरावे लागेल. यातील ‘हेतू न्याय्य आहेत’ ही कबुली मला फार मोलाची वाटते. जिला फसवून डांबले आहे, तीच मान्य करते की ही माणसे ज्यांच्याशी लढतात ते खरोखर घातक आहेत. त्यामुळे तिची नाखुशी सोपी राहत नाही. संस्था दुष्ट असती तर पळून जाणे हा एकच प्रश्न उरला असता. येथे प्रत्येक कामगिरीत दोन प्रश्न एकाच वेळी उभे राहतात: हे काम करायला हवे का, आणि ते अशा रीतीने, अशा माणसांकडून करून घ्यायला हवे का? पहिल्याचे उत्तर पुष्कळदा होय असते आणि दुसऱ्याचे जवळजवळ नेहमीच नाही, आणि निकिता या दोन उत्तरांच्या मधोमध उभी असते.

याच प्रकारच्या दुसऱ्या मालिकांशी तुलना केली तर हा निर्णय किती अवघड होता हे कळते. २००१ साली सुरू झालेल्या ‘एलियस’मध्ये सिडनी ब्रिस्टो स्वतःहून एसडी-६ मध्ये जाते, कारण ती सीआयएची शाखा आहे असे तिला सांगितलेले असते. खरे कळल्यावर ती खऱ्या सीआयएकडे जाते आणि दुहेरी हेर बनते. म्हणजे तिला जायला दुसरे दार असते, आणि त्या दारामागे योग्य बाजू आहे असा विश्वासही असतो. मॅगी क्यू यांनी २०१० ते २०१३ या काळात साकारलेली नवी ‘निकिता’ तर संस्थेतून आधीच निसटलेली असते आणि ती संस्था बाहेरून उद्ध्वस्त करायला निघते. या दोन्ही मालिकांच्या गुणांबद्दल मला शंका नाही. परंतु नायिकेला दुसरे दार न देता, चांगल्या पक्षाचे आश्वासन न देता, ९६ भाग तिला त्याच भिंतींच्या आत उभे करणे ही गोष्ट अधिक धैर्याची आहे.

दुसरा आक्षेप असा की ती नुसती कुरकुरते आणि शेवटी सांगितलेले काम करतेच. येथे मला आक्षेप घेणाऱ्यांनी मालिका किती पाहिली असेल याविषयी खरोखर शंका येते. दुसऱ्याच भागात, म्हणजे ‘फ्रेंड’मध्ये, लहानपणीची एक मैत्रीण निकिताला रस्त्यात ओळखते. जी जगाच्या दृष्टीने मेलेली आहे तिला कोणी ओळखणे सेक्शनला परवडणारे नसते, म्हणून मैत्रिणीला संपवण्याचा आदेश निकितालाच दिला जातो. ती मारत नाही. कथा पुढे असे वळण घेते की ती मैत्रीण दिसते तशी निष्पाप नव्हती, आणि सेक्शनचा कोरडा हिशेब त्या प्रसंगापुरता बरोबर ठरतो. लेखकांनी येथे निकिताला बरोबर ठरवून टाळ्या मिळवल्या नाहीत. तिची दया चुकीच्या जागी खर्च झाली, तरी दया करण्याचा तिचा निर्णय प्रेक्षकाला लाजिरवाणा वाटत नाही, हे साधणे कठीण असते.

शिवाय या मालिकेत अवज्ञेची किंमत शब्दशः मोजावी लागते. सेक्शनची स्वतःची एक परिभाषा आहे आणि ती ऐकूनच अंगावर काटा येतो. तेथे माणसाला मारत नाहीत, ‘कॅन्सल’ करतात. चौकशीच्या नावाखाली छळ होतो त्या खोलीला ‘व्हाइट रूम’ म्हणतात. ज्या हेराचा उपयोग संपला किंवा ज्याच्यावरचा विश्वास उडाला, त्याला ‘अबेयन्स’मध्ये टाकतात, म्हणजे जिथून कोणी परतणार नाही अशा कामगिरीवर खर्ची घालण्यासाठी राखून ठेवतात. पहिल्या पर्वाच्या अखेरच्या ‘मर्सी’ या भागात निकिताच्या वाट्याला हेच येते, आणि ते तिने हुकूम मोडल्यामुळे येते. पहिल्याच पर्वात जिचा आज्ञाभंग मृत्युदंडाच्या पात्रतेचा ठरतो, तिच्या विरोधाला कुरकुर म्हणणे हा शब्दाचा अपवापर आहे.

याहून ठळक पुरावा तिसऱ्या पर्वाच्या शेवटी आणि चौथ्याच्या आरंभी मिळतो. तेथे मॅडलिन आणि ऑपरेशन्स, म्हणजे सेक्शनचे दोन वरिष्ठ, निकितावर गेलमन प्रक्रिया करवतात. तिच्या स्मृती, कौशल्य, हुशारी हे सारे तसेच ठेवायचे आणि तिच्या भावना, विशेषतः मायकेलविषयीचे प्रेम, तेवढे पुसून टाकायचे, असा तो प्रकार आहे. पेटा विल्सन यांनी हे भाग ज्या रीतीने केले आहेत ते पुन्हा पाहण्यासारखे आहे. चेहरा तोच, चाल तीच, आणि डोळ्यांत मात्र कोणी राहत नाही. एरवी समोरच्याचे ऐकताना तिच्या चेहऱ्यावर जी अस्वस्थता सतत हलत असते, ती येथे थांबलेली असते, आणि ती थांबल्यावरच आपल्याला उमगते की इतके दिवस आपण त्या अस्वस्थतेकडेच पाहत होतो. आक्षेप घेणाऱ्यांना जशी निकिता हवी आहे, विनातक्रार, नेमकी, थंड, तशी निकिता मालिकेने दाखवली आहे. आणि ती भयंकर वाटते. तिची नाखुशी निरुपद्रवी असती तर ती काढून टाकण्यासाठी सेक्शनला एवढा खटाटोप करावा लागला नसता.

तिसरा मुद्दा मायकेलचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्वात एकाच साच्याचे बरेच प्रसंग आहेत, हे मान्य केले पाहिजे: मायकेल काहीतरी लपवतो, निकिता दुखावते, तो ऐन वेळी तिला वाचवतो, आणि पुन्हा सारे पहिल्यासारखे होते. एवढ्यावरून ही मूलतः त्याची कथा आहे असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे आहे. तिसऱ्या पर्वाच्या आरंभी कळते की वर्षानुवर्षे मायकेलचा दुसरा संसार चालू आहे. एलेना ही त्याची पत्नी आणि अॅडम हा मुलगा; आणि हे लग्न, हे मूल, सारे एलेनाच्या वडिलांपर्यंत, साला वाचेक या दहशतवाद्यापर्यंत, पोहोचण्यासाठी सेक्शनने ठरवून घडवले आहे. मायकेलने कधी नाही म्हटले नाही म्हणून त्याचे पितृत्वसुद्धा कामगिरी ठरते. नाखुशी मरू दिली तर माणसाचे काय होते याचे उत्तर म्हणजे मायकेल, आणि त्याला हळूहळू परत माणसात आणते ती निकिता. तो तिचे शरीर वाचवतो हे प्रसंगाप्रसंगातून दिसते. ती त्याचे काय वाचवते ते पाहायला थोडे थांबावे लागते.

देखणेपणाचा मुद्दा लवकर संपवता येईल. काळे चष्मे, उंची कपडे, शैलीदार चित्रण यांमुळे मालिका वरवरची झाली असे म्हणतात. पण पहिल्याच भागात मॅडलिन निकिताला शिकवते की गोळी झाडणे आणि झुंजणे शिकता येते, तरी तिच्या स्त्रीत्वाइतके प्रभावी शस्त्र दुसरे नाही. म्हणजे ते कपडे निकिताने निवडलेले नाहीत, ते सेक्शनने दिलेले साहित्य आहे, बंदुकीसारखेच. चित्रपटातून मालिकेने घेतलेला उपाहारगृहातील प्रसंगही हेच सांगतो: आकर्षक पोशाख घालून ती बाहेर जेवायला येते, पहिल्यांदाच मोकळा श्वास घेते, आणि समोरची भेटवस्तू उघडते तर आत पिस्तूल असते.

राहिला शेवट. येथे मी आक्षेप घेणाऱ्यांशी अर्धा सहमत आहे. चौथ्या पर्वाच्या शेवटी उघड होते की निकिता काही काळापासून सेक्शनवर देखरेख करणाऱ्या ‘सेंटर’साठी गुप्तपणे काम करत होती. या कलाटणीने आधीच्या कित्येक प्रसंगांचा अर्थ डळमळतो, आणि ती तशी आवश्यक नव्हती. मालिका तेथेच संपायची होती. प्रेक्षकांनी वाहिनीकडे पत्रांचा भडिमार केला म्हणून २००१ मध्ये आणखी आठ भाग झाले. त्यांत सेंटरचा प्रमुख मिस्टर जोन्स हा निकिताचा पिता निघतो, आणि निराधार, निर्दोष मुलीच्या कथेवर वारशाची छाया पडते. हेही मला खटकते.

परंतु अखेरचा भाग त्या उणिवांच्या वर उठतो. अॅडम शत्रूच्या ताब्यात जातो, त्याच्या बदल्यात मिस्टर जोन्स स्वतःला हवाली करतात, आणि सेक्शनची सूत्रे निकिताकडे येतात. मायकेल मुलाला घेऊन बाहेर पडतो. ज्याने कधी नाही म्हटले नाही तो मोकळा होतो, आणि पहिल्या दिवसापासून नाही म्हणणारी आत राहते. याला पराभव म्हणणाऱ्यांनी ती आत का राहते हे पाहावे: त्या मुलाला बाप परत मिळावा म्हणून. सेक्शनने बाप होणे हीसुद्धा कामगिरी करून ठेवली होती, आणि तेच नाते खरे करण्यासाठी निकिता स्वतःचे स्वातंत्र्य मोजून देते. काचेआडच्या ज्या उंच कक्षातून ऑपरेशन्स पाच पर्वे खाली पाहत उभा असे, तेथे आता ती उभी आहे. पहिल्या भागात तिला कोणी काही विचारले नव्हते. या वेळी काय गमावणार आहोत हे तिला पुरते ठाऊक आहे.