फुकट कपाटाची तपासणी

चवथीच्या साफसफाईत बायकोने फर्मान काढलं: आजोबांचं कपाट तरी बाहेर जाईल, नाही तर तुम्ही. वाड्यावरच्या एका पोराचं नुकतंच लग्न झालंय. त्याला म्हटलं, घेऊन जा रे, पैसे नकोत. पोरगा खूश. पण न्यायला आला तो मेव्हण्याला घेऊन.

हा मेव्हणा खास डिचोलीहून आलेला. चप्पल न काढता घरात शिरला, कपाटाला प्रदक्षिणा घातली, पाठीवर टिचकी मारली आणि खण ओढून त्यात नाक घातलं.

"बुरशीचा वास मारता."

"अहो, या पावसात गोव्यात माणसालाही मारतो."

"हें सागवान न्हय मरे!" हे पोराला. जणू मी सागवान सांगून गळ्यात मारत होतो.

"फणस आहे. त्याला वाळवी सहसा लागत नाही."

"सहसा," असं म्हणून तो मोबाईलच्या उजेडात भोकं शोधायला लागला. सापडलं ते खिळ्याचं. त्यावरही वाद. मग किल्ली मागितली. दिली. "दुसरी?" दुसरी आजोबा गेल्यापासून सापडलेली नाही. त्याने अशी मान हलवली, की आजोबांनी ती मुद्दाम बरोबर नेली असावी. मग नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे. "हे पण काढताय का?"

कनोजचा हर्षवर्धन दर पाच वर्षांनी प्रयागला खजिना वाटून टाकायचा. 643 सालच्या सोहळ्याला ह्युएन त्संग हजर होता. अंगावरचं सगळं देऊन झाल्यावर राजा बहिणीकडून, राज्यश्रीकडून, जुनं वस्त्र मागून नेसला म्हणे. पण त्याचा रत्नहार घेणाऱ्या कुणी विचारलं असेल का, की याची कडी नीट लागते ना?

टेम्पोचं भाडंही मीच दिलं. "एवढं फुकट दिलंत, आता भाड्यासाठी कशाला ताणता?" हे वर मेव्हण्यानेच ऐकवलं. म्हणजे मोहमाया सोडायची तीही घरपोच! हेच कपाट विकायला काढलं असतं, तर हा चप्पल बाहेर काढून आला असता, घासाघीस केली असती आणि जाताना आरशात भांग पाडून गेला असता. फुकट म्हटलं की लोकांना आधी खोट दिसते, मग देणाऱ्याचीच झडती. संताप येतो.

रात्री फोन. मेव्हण्याचाच. कपाट दारातून आत जाईना, पाय कापावे लागतील, सुतार ओळखीचा आहे का? नंबर दिला आणि बजावलं, मजुरी आधी ठरवून घ्या.

"ती तुम्हीच ठरवा हो," तो म्हणाला, "कपाट तुमचं!"