आरोपीचा वकील गुन्ह्यात भागीदार नसतो

एखादी अमानुष घटना घडली की दोन दिवसांत एक मजकूर फिरू लागतो. शब्द बदलतात, आशय तोच: 'नराधमाचं वकीलपत्र घेणारा वकील त्याच्या गुन्ह्यात भागीदार आहे. कसाबला वकील देऊन देशाचा पैसा उधळला. निर्दोष माणसाला वकील लागतोच कशाला? हे लोक तांत्रिक मुद्दे काढून गुन्हेगार सोडवतात. बार असोसिएशननेच ठराव करून अशांचं वकीलपत्र घ्यायला बंदी घालावी.' मी जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करतो, त्यामुळे हा मजकूर मला घरच्या ग्रुपवरही येतो. पाठवणाऱ्यांचा संताप खरा असतो, म्हणून उत्तर नीट देतो.

कसाबचा मुद्दा आधी घेतो, कारण सगळे तिथेच येऊन थांबतात. २००९ साली त्याच्यासाठी वकील नेमला गेला तेव्हा निदर्शनं झाली. तरीही न्यायाधीश एम. एल. तहलियानी यांनी वकिलाशिवाय खटला चालवला नाही. ६ मे २०१० रोजी फाशीची शिक्षा झाली. २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आणि २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. तिथे ज्येष्ठ वकील राजू रामचंद्रन यांनी न्यायमित्र म्हणून, म्हणजे न्यायालयानेच मदतीला नेमलेले वकील म्हणून, त्याच्या बाजूने जे मांडता येईल ते सगळं मांडलं होतं. २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी झाली. हा निकाल एकतर्फी होता असं म्हणायला जगात कुणाला जागा उरली नाही, ती या वकिलांमुळे.

वकील नसता तर काय झालं असतं, तेही आपल्याकडे घडलेलं आहे. डिसेंबर १९९७ मध्ये दिल्लीत बसमध्ये बॉम्बस्फोट झाला. एका पाकिस्तानी नागरिकाला फाशीची शिक्षा झाली आणि उच्च न्यायालयाने ती कायम केली. पण खटल्यात बहुतेक साक्षीदारांची उलटतपासणीच झाली नव्हती, कारण आरोपीच्या बाजूने उभा राहणारा वकील नव्हता. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द करून खटला नव्याने चालवायला सांगितलं आणि २०१३ मध्ये तो माणूस निर्दोष सुटला. स्फोटात मेलेल्यांच्या घरच्यांना पंधरा वर्षांनी काय मिळालं? वकिलावरचा पैसा वाचवण्याची ही किंमत आहे.

आता 'निर्दोष माणसाला वकील कशाला' हा प्रश्न. कसाबच्याच खटल्यात फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद हे दोन भारतीय आरोपी होते. हल्ल्याच्या ठिकाणांचे नकाशे त्यांनी पुरवले, असा आरोप होता. मेलेल्या अतिरेक्याच्या खिशात नकाशा सापडला, असं पोलिसांचं म्हणणं. त्याचे कपडे रक्ताने भिजलेले, पण नकाशावर डाग नाही. न्यायालयाने तो पुरावा मानला नाही. दोघेही सुटले आणि सुटका सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली. फहीमचे वकील शाहिद आझमी मात्र तो निकाल ऐकायला नव्हते. ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यातल्या त्यांच्या कार्यालयात त्यांना गोळ्या घालून मारण्यात आलं. 'हे वकील पैशासाठी काहीही करतात' असं लिहिणाऱ्यांनी हे एकदा आठवावं.

आणखी एक प्रकरण मला कधी विसरता येत नाही. २००३ मधल्या महाराष्ट्रातल्या एका दरोडा, बलात्कार आणि खुनाच्या गुन्ह्यात भटक्या जमातीतले सहा मजूर पकडले गेले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत सहाही जणांना फाशी ठरली. मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने फेरविचार करून सगळ्यांना निर्दोष ठरवलं आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदार बाईने पोलिसांकडच्या फोटोंतून दुसरीच चार माणसं ओळखली होती. त्यांचा तपासच झाला नाही. ही नोंद कागदावर होती, पण ती कुणीतरी वेळेवर, ठणकावून न्यायालयापुढे मांडायला हवी होती. सहा गरीब माणसं तुरुंगात खितपत पडली आणि खरे गुन्हेगार मोकळे राहिले. पीडित कुटुंबाला यातून कुठला न्याय मिळाला?

'गुन्हा केलाय हे माहीत असूनही वकील खोटं बोलतो' असंही काही जण त्यात जोडतात. बार कौन्सिलच्या नियमांनुसार आरोपीच्या दोषाबद्दल स्वतःचं मत काहीही असो, वकिलाने बचाव करायचा असतो, कारण पुरेशा पुराव्याशिवाय कुणालाही शिक्षा होऊ नये. पण खोटा साक्षीदार उभा करायची किंवा बनावट कागद दाखल करायची मुभा त्याला कुठेही नाही. असं करणारे, साक्षीदार फोडणारे, बलात्काराच्या खटल्यात पीडितेच्या चारित्र्यावर घसरणारे वकील आहेत, हे मी नाकारत नाही. चारित्र्याबद्दलच्या अशा प्रश्नांना कायद्यानेच बंदी आहे. अशा वकिलांवर जरूर कारवाई करा, मी तुमच्यासोबत आहे.

तांत्रिक मुद्दा म्हणजे काय, तेही बघा. मुद्देमालाला सील नव्हतं. पंच, म्हणजे जप्ती-पंचनाम्याचा साक्षीदार, पोलिसांच्या नेहमीच्या ओळखीतला निघाला. साठ किंवा नव्वद दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही म्हणून जामीन मिळाला. यातली प्रत्येक चूक तपासातली आहे. ती दाखवून देणाऱ्यावर राग काढला तर पुढच्या तपासातही तीच होणार.

राहिला बारच्या ठरावाचा मुद्दा. तामिळनाडूतल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलं की असे ठराव राज्यघटनेच्या आणि वकिली नीतीच्या विरोधात आहेत, म्हणून ते रद्दबातल आहेत. घटनेच्या कलम २२ ने अटक झालेल्या प्रत्येकाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा हक्क दिला आहे.

ज्याला फी परवडत नाही त्याचं काय, हा खरा विचारण्यासारखा प्रश्न त्या मजकुरात कधीच नसतो. आपल्या तुरुंगांतले चारातले जवळजवळ तीन कैदी कच्चे आहेत, म्हणजे त्यांचा खटला अजून संपलेला नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोठडीतल्या माणसाला, त्याचं उत्पन्न न बघता, मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयातच असतं आणि १५१०० या क्रमांकावर फोन करूनही मदत मागता येते. हा क्रमांक त्याच ग्रुपवर पाठवा.