लेंडीचे डोहाळे

उंदराची मादी गाभण आहे की नुसतीच सुटलीये, हे ओळखणं हे गेले सात महिने माझं काम आहे. पीएचडी म्हणतात त्याला. आई मात्र सगळ्यांना "आमचा सोनोग्राफी करतो" सांगत सुटते, त्यामुळे सोसायटीतल्या दोन काकूंनी आपापले रिपोर्ट मला व्हॉट्सॅप करून झालेत.

तर सकाळी सातच्या आत अ‍ॅनिमल हाऊसला पोचून आधी प्लग बघायचा, म्हणजे रात्री नर-मादीचं जुळलं याची खूण म्हणून राहणारी पांढरट गुठळी, उशीर झाला की ती पडून जाते आणि पुरावा गायब. दिसली की त्या दिवशीची दुपार अर्धा दिवस धरायची, म्हणून आमच्याकडच्या बायका कायम साडेसात, साडेनऊ, साडेबारा दिवसांच्या. आणि एवढं करून प्लग म्हणजे दिवस गेलेच असंही नाही! वीसेक दिवसांत सगळा खेळ संपतो. पूर्वी मारून पोट उघडूनच बघायचे, आता सोनोग्राफीने तीच मादी परत परत बघता येते, हे मात्र चांगलंच झालं.

बडदास्त तर विचारू नका. आयसोफ्लुरेनची गुंगी, डोळ्यांना मलम, खाली गरम प्लॅटफॉर्म, जेलसुद्धा कोमट, आणि मी एसीत कुडकुडतोय. केसांत हवेचे बुडबुडे अडकले की चित्र बोंबलतं म्हणून पोटाला हेअर रिमूव्हल क्रीम लावायचं. ते आणायला मीच जातो. तिसऱ्या खेपेला मेडिकलवाल्या काकांनी हळूच विचारलं, "लग्न ठरलं वाटतं?"

माणसाच्या पोटाला तीन ते पाच मेगाहर्ट्झच्या ध्वनिलहरी पुरतात, इथे चाळीसच्या लागतात, कारण साडेसात दिवसांचा गर्भ मोहरीहून बारीक. मूत्राशय काळं दिसतं, ती खूण धरून आधी गर्भाशयाची डावी फांदी मग उजवी असं मोजत जायचं, मध्ये आतडी लुडबुडतात, एकच गर्भ दोनदा मोजला जातो. पण त्या दिवशी मला तीन मिळाले. गोल, करडे, देखणे. तिसरा तर इतका सुबक की मी बाण काढून लॅब मीटिंगच्या स्लाइडवर लावला.

साडेनऊ दिवसांना हृदयाचा ठोका दिसायलाच हवा. पहिल्यात दिसला, दुसऱ्यात दिसला, तिसरा ढिम्म. मी प्रोब वाकडा केला, श्वास रोखला, देवाचं नाव घेतलं, आणि तिसरा हळूच पुढे सरकला. मॅडम मागेच उभ्या होत्या.

"अरे, लेंडी आहे ती."

"पण मॅम, परवा पण इथेच होती."

"परवाची वेगळी असेल."

मीटिंगमधल्या टाळ्या आठवल्या. गुंगीचा गॅस बंद केला, मिनिटभरात बाईसाहेब शुद्धीवर आल्या, मिशा हलवल्या, आणि उचलून पिंजऱ्यात ठेवताना गर्भ क्रमांक तीन माझ्या ग्लोव्हवर ठेवून गेल्या.