टॉर्चच्या उजेडात स्मृतिभ्रंश दिसत नाही

‘साठी ओलांडलेल्या माणसाच्या डोळ्यावर मोबाइलचा टॉर्च धरा, बाहुली सावकाश आकसली तर बारा वर्षांनी होणारा स्मृतिभ्रंश आजच कळतो, चटकन आकसली तर निश्चिंत राहा,’ हे ‘सिद्ध झाले आहे’ असा मजकूर सध्या जो तो पुढे पाठवतो आहे. त्यात खऱ्या संशोधनाचे तुकडे असल्यामुळेच तो खरा वाटतो.

बारा वर्षांचा आकडा बहुधा इंग्लंडमधील नॉरफोकच्या, २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून उचललेला असावा. त्यातील ८,६२३ निरोगी व्यक्तींपैकी ५३७ जणांना पुढे स्मृतिभ्रंश झाला. मात्र तेथे टॉर्च नव्हता. पडद्यावरील हलत्या ठिपक्यांतून त्रिकोण उमटताना दिसला की बटण दाबायचे होते. पुढे आजारी पडलेल्यांना हे सरासरीने उशिरा जमले होते, पण गटाच्या सरासरीवरून एकट्या माणसाचे भविष्य वर्तवता येत नाही.

बाहुलीचे म्हणाल, तर तिच्यावरील वेगळ्या संशोधनातला सर्वांत रोचक भाग आकसण्याचा नाही, विस्फारण्याचा आहे. ऐकलेले आकडे त्याच क्रमाने म्हणायला सांगितले आणि एकेक आकडा वाढवत नेला, की मेंदूवरील ताणाबरोबर बाहुलीही रुंदावत जाते. या प्रतिसादाशी मेंदूच्या देठातील ‘लोकस सेरुलिअस’ हा इवलासा पेशीसमूह निगडित आहे आणि अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या प्रमुख आजारातील टाऊ प्रथिनाच्या गाठी तेथे फार लवकर दिसू लागतात. म्हणून बाहुलीतून आजाराची चाहूल लवकर लागावी, हा तर्क पटण्याजोगा आहे. परंतु बाहुलीच्या रुंदीतला हा फरक बहुधा अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असतो आणि तो टिपण्यासाठी स्थिर प्रकाश व अवरक्त कॅमेरा लागतो. नुसत्या डोळ्यांनी तो मोजल्याचे कोणी सांगितले, तर निदान मी तरी विश्वास ठेवणार नाही.

मंद बाहुलीची इतर कारणेही कमी नाहीत: खुद्द वय, मधुमेहाने दुखावलेल्या नसा, काचबिंदूचे थेंब, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, नैराश्यावरील काही औषधे.

‘सिद्ध झाले आहे’ या शब्दांबाबत तर १९९४ आठवावे. ट्रॉपिकामाइड या बाहुली विस्फारणाऱ्या औषधाचा अतिसौम्य थेंब घातल्यावर अल्झायमरच्या रुग्णांची बाहुली अधिक विस्फारते, असा निष्कर्ष ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात छापून आला, मोठी आशा निर्माण झाली, आणि नंतरच्या अनेक चमूंना तो फरक भरवशाने आढळलाच नाही.

मला सर्वांत घातक वाटतो तो ‘निश्चिंत राहा’ हा सल्ला. विसराळूपणा थायरॉइडच्या बिघाडाने, ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने किंवा नैराश्यानेही वाढतो, त्यावर उपचार आहेत, आणि अशा माणसाची बाहुली टॉर्चसमोर अगदी चटकन आकसू शकते.