‘एकदा क्लाउडवर गेली की फाइल कायमची सुरक्षित’? तसं नाही!

गोव्यातल्या फोंड्याकडच्या व्हॉट्सॅप ग्रुपांवर पावसाळ्यापासून एक मेसेज फिरतो आहे : ‘लॅपटॉपवर फोल्डर बॅकअप चालू करा. सगळ्या फाइली आपोआप क्लाउडवर जातात. एकदा गेलेली फाइल कायमची सुरक्षित. हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह भंगारात टाका.’ (क्लाउड म्हणजे इंटरनेटवरून आपल्या फाइली ठेवून घेणाऱ्या कंपनीचे संगणक.) मी डीटीपीचं, म्हणजे छपाईची पानं संगणकावर लावण्याचं काम करतो. देवस्थानांच्या स्मरणिका, लग्नपत्रिका, जत्रेच्या नाटकांच्या संहिता रोज हाताखालून जातात. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

बॅकअप चालू करा, याबद्दल वाद नाही. जरूर करा. घरात पाणी शिरलं की लॅपटॉप आणि त्याच कपाटातली हार्ड डिस्क दोन्ही एकदमच जातात. 2021 च्या जुलैत सत्तरी, डिचोलीच्या लोकांनी असं पाणी पाहिलं आहे. एक प्रत घराबाहेर हवीच.

पण ‘सगळ्या फाइली’ जात नाहीत. विंडोजमधल्या मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्ह या क्लाउड सेवेचा फोल्डर बॅकअप डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा ठरावीक फोल्डरांपुरता असतो. डी ड्राइव्हवरच्या तुमच्या ‘काम’ नावाच्या फोल्डरला तो हात लावत नाही. आणि आपल्याकडे बहुतेकांचं महत्त्वाचं सगळं डी ड्राइव्हवरच असतं, कारण विंडोज नव्याने टाकताना तिचा सी ड्राइव्ह पुसला जातो, हे दुरुस्तीवाल्याने बजावलेलं असतं. त्यात फुकटची जागा वनड्राइव्हवर 5 जीबी, आयक्लाउडवर 5 जीबी, गूगलवर 15 जीबी, तीही जीमेल आणि फोटो धरून. जागा भरली की नवीन फाइली वर चढणं थांबतं.

खरा घात ‘कायमची सुरक्षित’ या दोन शब्दांत आहे. ही सोय मुळात सिंक आहे. लॅपटॉप आणि क्लाउड, दोन्हीकडे एकच स्थिती ठेवणं, एवढंच तिचं काम. इथे पुसलं की तिथे पुसलं, तिथे पुसलं की इथेही.

आमच्या वाड्यावरचे एक निवृत्त शिक्षक, आम्ही सगळे त्यांना सरच म्हणतो. चाळीस वर्षं जत्रेची नाटकं बसवली. प्रत्येक नाटकाची वही, समासात लाल शाईने नटांच्या जागा, कुठे पडदा, कुठे पेटीचा सूर. वाळवी लागायला लागली म्हणून अठ्ठावीस वह्या त्यांनी स्वतः स्कॅन केल्या आणि हा मेसेज वाचून बॅकअप चालू केला. गणेशचवथीच्या आधी मोबाइलवर ‘जागा संपत आली’ असं आलं. सरांनी मोबाइलवरच क्लाउडचं अॅप उघडून सगळ्यांत मोठं फोल्डर काढून टाकलं. लॅपटॉपवर आहेच की, हा त्यांचा विचार. दिवाळीला तालमीसाठी लॅपटॉप उघडला तर तिथेही फोल्डर नाही. माझ्याकडे आले तेव्हा मी आधी क्लाउडचा रीसायकल बिन उघडला. रिकामा. वनड्राइव्हचं वैयक्तिक खातं असो वा गूगल ड्राइव्ह, पुसलेली फाइल तिथे 30 दिवस राहते. सरांचे दोन महिने झाले होते. ‘अरे, मग बॅकअप कशाला म्हणतात याला?’ असं त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता.

आणखी एक. फाइलीच्या नावाजवळ निळा ढग दिसत असेल तर ती फाइल लॅपटॉपवर नाहीच, नुसतं नाव आहे. वीज आणि नेट गेलेल्या संध्याकाळी ती उघडणार नाही. ‘दोन ठिकाणी आहे’ असं आपण धरून चालतो, तेव्हा प्रत एकच असते. अशा फाइलीवर राइट क्लिक करून ती कायम लॅपटॉपवर ठेवण्याचा पर्याय निवडा.

‘क्लाउडवाल्यांकडून काही हरवत नाही’ असंही उत्तर मला मिळालं. सप्टेंबर 2025 मध्ये दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि कर्मचाऱ्यांच्या फाइली ठेवलेला सरकारी क्लाउडच जळाला. त्याची दुसरीकडे प्रत नव्हती. उलट मे 2024 मध्ये युनिसुपर या ऑस्ट्रेलियन पेन्शन फंडाची गूगल क्लाउडवरची यंत्रणा चुकीने पुसली गेली, तरी फंड सावरला, कारण वेगळे ठेवलेले बॅकअप कामी आले.

तेव्हा क्लाउड राहू द्या आणि एक हार्ड डिस्कही घ्या. महिन्यातून एकदा जोडा, कॉपी करा, दोन-चार फाइली उघडून बघा आणि काढून ठेवा. जोडलेलीच ठेवली तर व्हायरस किंवा वीज तिलाही गाठेल. आपल्या दमट हवेत ती सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी.

राहिला भंगारातला पेन ड्राइव्ह. सरांची मुलगी म्हापशाला असते. तिने एकदा वडिलांकडून काही स्कॅन वाचायला नेले होते. ड्रॉवरमध्ये तो पेन ड्राइव्ह सापडला, टोपण नसलेला, गंजायला लागलेला. त्यावर अकरा वह्या निघाल्या. उरलेल्या सतरांपैकी वाळवीतून वाचलेली पानं सर आता पुन्हा एकेक करून स्कॅन करताहेत.