कंपनीने भूमिका कशी घ्यावी

पूर्वी भूमिका नट घेत, आता कंपन्या घेतात. नट निदान तिसरी घंटा झाल्यावर पाठ केलेलं तरी धड बोलतो. तुमचीही कंपनी असेल आणि एखाद्या सामाजिक प्रश्नावर बोलायची हौस आली असेल, तर आमच्या हापिसात या जूनमध्ये जे पाहिलं त्यावरून चार गोष्टी सांगते. फुकट.

आधी कॅलेंडर बघा. ८ मार्चला गुलाबी, जूनमध्ये इंद्रधनुष्यी, १५ ऑगस्टला तिरंगी. मधले दिवस कामाचे.

लोगो देश बघून बदला. पुण्याच्या पानावर इंद्रधनुष्य, दुबईच्या पानावर ऊन.

रांगोळी हवीच. प्राइडच्या, म्हणजे आम्हा समलिंगी वगैरे लोकांच्या झेंड्यात पट्टे सहा असतात, पण आमच्या रिसेप्शनपुढे सात निघाले. तानापिहिनिपाजा. शाळेत पाठ केलेलं वाया जात नाही.

धाडस करा, पण मागे फिरायची वाट मोकळी ठेवून. २०२० मध्ये तनिष्कने मुस्लिम सासरी हिंदू सुनेचं डोहाळजेवण दाखवलं, गदारोळ झाला, जाहिरात गेली. दुकानातल्या माणसांची काळजी वाटली म्हणाले, ते मी समजू शकते. पुढच्या वर्षी फेमने दोन बायकांच्या जोडप्याचा करवा चौथ दाखवला. मध्य प्रदेशच्या गृहमंत्र्यांनी डोळे वटारताच भावना दुखावल्याबद्दल बिनशर्त माफी. जाहिरात बघून ज्या हरखल्या होत्या, त्यांच्या भावना कुठल्या खात्यात जमा झाल्या कोण जाणे. (जाहिरात ब्लीचची होती, हे आणखी वेगळंच.) आणि लोकांच्या रागाला फार भिऊ नका. २०१९ मध्ये सर्फ एक्सेलच्या जाहिरातीवर चिडलेल्यांनी मायक्रोसॉफ्टच्या एक्सेलला एकेक तारा देऊन सूड उगवला होता.

आता मुख्य सल्ला: रंग भिंतीला द्या, फॉर्मला हात लावू नका.

आमच्याकडे मेडिक्लेमचं नूतनीकरण नेमकं जूनमध्येच येतं. फॉर्ममध्ये ‘नातं’ असा रकाना. त्यात पती, पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील. आम्ही दोघी अकरा वर्षं एका घरात राहतो. गॅस तिच्या नावावर, विजेचं बिल माझ्या, आणि कढीपत्त्याची कुंडी दोघींची. मार्चमध्ये तिच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी एफडी मोडली. म्हणून यंदा एच.आर.ला विचारलं, हिचं नाव कुठे घालू? ‘मॅम, सिस्टिममध्ये ऑप्शनच नाहीये ना.’ बरं, मग ‘पत्नी’ निवडते. निवडलं. खाली लाल तारा उमटला: विवाहाचा दाखला अपलोड करा.

दाखला कुठून आणू? समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ च्या कचाट्यातून सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सोडवलं, पण लग्नाचा हक्क द्यायला २०२३ मध्ये नकार दिला. म्हणजे गुन्हेगार नाही आणि बायकोही नाही. हे एच.आर.च्या त्या पोरीला समजावत मी जिन्यात उभी, आणि खाली लॉबीत फुगे फुगवताहेत! ‘हे विमा कंपनीच्या हातात असतं, मॅम.’ मग विचारा त्यांना. ‘रिक्वेस्ट टाकलीय.’ कधी? ‘मागच्या जूनमध्ये.’

हे मंगळवारी. गुरुवारी त्याच पोरीचा मेल. शुक्रवारी पॅनेल आहे, तुमची स्टोरी शेअर कराल का? पंधरा मिनिटं. ‘प्लीज पॉझिटिव्ह ठेवा.’ सोबत इंद्रधनुष्याचं चित्र. कपकेक आहेत म्हणे.

तर सल्ला काय चालला होता? हां, कपकेक ठेवा.

जाऊ दे. सल्ले संपले.

तिची, त्या पोरीची, काही चूक नाही. मी तुमच्याशी बोलतेय, वरच्या मजल्यावरच्यांशी. लाज वाटत नाही का तुम्हाला? दोघींना जॉइंट खातं उघडता येतं, एकीला दुसरीचं नाव नॉमिनी म्हणून लावता येतं, असं सरकारच्या अर्थखात्याने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं. सरकारने! आणि तुमच्या सिस्टिममध्ये ऑप्शन नाही? टाटा स्टीलने २०१९ मध्येच असे जोडीदार सवलतींमध्ये धरले. लोखंड गाळणाऱ्यांना जमलं, आणि तुम्ही तर सॉफ्टवेअर लिहिता! रोज सकाळी दुसऱ्यांच्या फॉर्ममध्ये रकाने घालून देण्याचेच पैसे घेता. जगाच्या पुढे असल्याची जाहिरात करता आणि एक ओळ वाढवायला तुम्हाला वर्ष पुरत नाही. तुम्हाला आम्ही नको आहोत, आमचा फोटो हवाय.

शुक्रवारी येते मी. पंधरा मिनिटं दिलीत ना? हॉस्पिटलचं बिल आहे चार पानी. वाचून दाखवते, कापूस आणि हातमोजांच्या ओळींसकट.