घरच्या खुणा कोर्टाला कोण सांगणार?
अपंग पीडितांच्या कोर्टातल्या साक्षीवरच्या लेखात सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०२१ च्या निकालाचा उल्लेख आहे. आंध्रातल्या अंध तरुणीने बलात्कारातल्या आरोपीला आवाजावरून ओळखलं, ते ग्राह्य धरलं. अपंगत्वामुळे साक्ष दुय्यम ठरत नाही, हेही सांगितलं. उत्तमच. पण आमच्या खान्देशात, धडगाव-अक्कलकुव्याच्या एखाद्या पाड्यावरची मूकबधिर पोर शाळेतच गेलेली नसेल तर? तिच्या खुणा घरच्या, आईलाच कळणाऱ्या. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (२०२३) कलम १२५ नुसार बोलू न शकणाऱ्या साक्षीदारासाठी दुभाषा किंवा विशेष शिक्षक आणि चित्रीकरण सक्तीचं. बरं, शहरातून आलेला दुभाषा प्रमाण सांकेतिक भाषा शिकलेला. त्याला या खुणा काय कळणार! दुभाषा म्हणून आईला बसवलं की बचावाचा वकील ‘पढवलंय’ म्हणायला मोकळा. दुभाष्याला आधी चार दिवस मुलीसोबत बसू द्या, आणि तेही पोलिसांनी जबाब घेण्याआधी.